ईसीजी नॉर्मल असताना झटका कसा आला? हृदयविकाराविषयी वाचकांचे प्रश्न

हृदयविकारासंबंधी या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक समजूत वारंवार आढळली. हृदयाची रक्तवाहिनी हा एक नळ आहे, त्यात गाळ साचला की झटका येतो आणि गाळ काढला की माणूस बरा होतो, अशी ती समजूत आहे. पत्रांतील बहुतेक शंका आणि काही धोकादायक निर्णयही तिच्यातूनच निर्माण झाले आहेत. म्हणून थोडीच पत्रे निवडून त्यांना सविस्तर उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

माझे थोरले बंधू ५१ वर्षांचे आणि सडपातळ आहेत. कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत त्यांचा ईसीजी आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, दोन्ही नॉर्मल आले होते. पुढच्याच महिन्यात त्यांना तीव्र झटका आला. तपासणीत काही चूक झाली, असे समजायचे का?
– एक शिक्षक, सांगली

आपण दिलेल्या माहितीवरून तसे म्हणता येणार नाही. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी हृदयाची त्या क्षणाची विद्युत स्थिती दाखवतो. पूर्वी झालेली इजा किंवा त्या वेळी चालू असलेली इजा त्यात दिसू शकते, पण रक्तवाहिनीच्या भिंतीत काय चालले आहे ते त्यात दिसत नाही. स्ट्रेस टेस्ट त्यापुढे एक पाऊल जाते, तरीही श्रमाच्या वेळी रक्तपुरवठा कमी पडतो का, एवढाच प्रश्न ती विचारते. साधारणपणे धमनीचा मार्ग ७० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंद झाल्याशिवाय ती दोष दाखवत नाही. झटका मात्र अनेकदा धमनीच्या भिंतीतील त्याहून पुष्कळ लहान चरबीच्या थरामुळे येतो.

याचे कारण आजाराच्या स्वरूपात आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या हृदयाच्या पृष्ठभागावरून जातात आणि त्यांचा व्यास जेमतेम तीन-चार मिलिमीटर असतो. रक्तातील एलडीएल नावाचे कोलेस्टेरॉलवाहक कण धमनीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतात आणि तेथे अडकतात. तंबाखू, उच्च रक्तदाब आणि वाढलेली साखर यांनी हे अस्तर दुखावलेले असेल, तर हे अधिक वेगाने घडते. अडकलेले कण गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी येतात, त्या चरबीने फुगून तेथेच मरतात, आणि त्या जागी दाह सुरू होतो. त्यावर शरीर तंतूंचे एक आवरण तयार करते. हे आवरण जाड असेल तर थर वर्षानुवर्षे शांत राहू शकतो. ते पातळ असेल आणि एखाद्या दिवशी फाटले, तर आतील द्रव्याचा रक्ताशी संपर्क येतो. शरीर त्याला जखम समजून तेथे गुठळी तयार करते आणि काही मिनिटांत धमनी पूर्ण बंद होऊ शकते. महिन्यापूर्वी ३० किंवा ४० टक्केच अडथळा असलेली जागा अशा प्रकारे १०० टक्के बंद होते. आपल्या बंधूंच्या बाबतीत हेच घडले असण्याची शक्यता मोठी आहे.

आजार सुरू होतो तो मात्र फार आधी. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी करून १९५३ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. या सैनिकांचे सरासरी वय सुमारे २२ वर्षे होते, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या करोनरी धमन्यांत विकाराच्या खुणा सापडल्या. त्यांतल्या बहुतेकांना जिवंतपणी कोणतीही तक्रार नव्हती. म्हणून वार्षिक तपासणीत ‘ईसीजी नॉर्मल’ असा शेरा पाहून निश्चिंत होण्याऐवजी रक्तदाब, एलडीएल, साखर, तंबाखू आणि घराण्याचा इतिहास या पाच गोष्टींचा विचार झाला का, हे विचारायला हवे. आपणही त्यांचे सख्खे भाऊ आहात. आपली ही तपासणी झाली नसेल, तर ती याच महिन्यात करून घ्यावी.

माझे वय ५४ आहे. आठ वर्षांपासून मधुमेह आहे, मी शाकाहारी आहे आणि व्यसन कोणतेही नाही. एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३४ आणि ट्रायग्लिसराइड २१० आहे. प्रयोगशाळेने एकूण कोलेस्टेरॉलपुढे ‘नॉर्मल’ असे छापले आहे, तरी डॉक्टर कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सुरू करा म्हणतात. ही गोळी एकदा सुरू केली की आयुष्यभर सुटत नाही आणि यकृत खराब करते, असे ऐकले आहे. काय करावे?
– निवृत्त लिपिक, नाशिक

आपल्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे आणि तो आपण मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम आकड्यांविषयी. प्रयोगशाळा छापते ती मर्यादा सरसकट सर्वांसाठी असते. आपल्यासाठी कोणता आकडा योग्य, हे आपला एकूण धोका किती आहे त्यावर ठरते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, वजा केले की १५६ उरतात. धमनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सर्व कणांमधले कोलेस्टेरॉल या आकड्यात येते. प्रचलित सूत्राने आपले एलडीएल ११४ च्या आसपास येते. पन्नाशी ओलांडलेल्या आणि अनेक वर्षे मधुमेह असलेल्या व्यक्तीचे एलडीएल ७० च्या खाली आणि एचडीएल वजा जाता उरणारा आकडा १०० च्या खाली असावा, असे हृदयरोगतज्ज्ञ मानतात. झटका येऊन गेलेल्यांसाठी हे लक्ष्य आणखी खाली, ५५ च्याही खाली ठेवले जाते. कमी एचडीएल, जास्त ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) आणि फार चढा न दिसणारा एकूण आकडा हे चित्र आपल्याकडे फार आढळते आणि त्यामुळेच ते फसवे ठरते. वजनकाटा जे सांगत नाही ते अशा वेळी कमरेचा घेर सांगतो. भारतीय पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर धोक्याचा मानला जातो.

शाकाहाराविषयी सांगायचे तर रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतः तयार करते. मांसाहार वर्ज्य केल्याने मधुमेहाचा धोका पुसला जात नाही. ताटात साखर, मैदा, तळण आणि पांढरा भात यांचे प्रमाण मोठे असेल, तर ट्रायग्लिसराइड वाढलेलेच राहतात.

आता गोळीविषयी. एलडीएल हे या विकाराचे केवळ लक्षण नसून प्रत्यक्ष कारण आहे, याविषयी आज वैद्यकशास्त्रात गंभीर मतभेद नाही. यकृताच्या पेशींवर एलडीएल टिपून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ते जन्मतःच सदोष असलेल्या मुलांना शालेय वयातही झटके येतात. हे ग्राहक शोधणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॅटिनमुळे यकृतावरील हे ग्राहक वाढतात आणि रक्तातील एलडीएल उतरते. लाखाहून अधिक रुग्णांच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण असे दाखवते की एलडीएल सुमारे ३९ आकड्यांनी उतरले, तर झटका आणि पक्षाघात यांसारख्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात. यकृताला गंभीर इजा होणे अत्यंत दुर्मीळ आहे. साखर किंचित वाढू शकते, पण आपल्यासारख्या रुग्णात होणारा लाभ त्याहून खूप मोठा आहे. स्नायू दुखण्याची तक्रार अनेक जण करतात. मात्र रुग्णाला खरी गोळी मिळते आहे की निष्क्रिय, हे माहीत नसलेल्या चाचण्यांत दिसले की अशा दहा तक्रारींपैकी नऊहून अधिक तक्रारींचे कारण स्टॅटिन नव्हते. दुखणे तीव्र असेल किंवा लघवी गडद होत असेल, तर मात्र डॉक्टरांना त्वरित सांगावे.

गोळी आयुष्यभर घ्यावी लागते, हे खरे आहे. ज्या कारणासाठी ती घ्यायची ते कारणही आयुष्यभर राहते. या गोळीची सवय लागते असा त्याचा अर्थ नाही. ती थांबवली तर एलडीएल काही आठवड्यांत पूर्वपदावर येते, एवढेच.

माझ्या ६२ वर्षांच्या आईला चार दिवस जिना चढताना धाप लागत होती, जबड्यात आणि दोन्ही खांद्यांमध्ये दुखत होते. छातीत दुखत नाही म्हणून आम्ही पित्ताचे औषध देत राहिलो. शेवटी तो झटका निघाला. स्त्रियांना हृदयविकार कमी होतो ना? ती सिगारेट ओढत नाही, फक्त मिश्री लावते.
– गृहिणी, कराड तालुका

छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखी भावना हे झटक्याचे सर्वांत नेहमीचे लक्षण स्त्रियांमध्येही आहेच. परंतु स्त्रियांमध्ये, वृद्धांमध्ये आणि दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांमध्ये धाप, अकारण थकवा, मळमळ, घाम, जबडा, पाठ किंवा हात दुखणे अशी लक्षणे सोबत किंवा क्वचित एकटीच दिसतात. त्यांतले एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. श्रमाने वाढणारे आणि थांबल्यावर कमी होणारे दुखणे बेंबीपासून जबड्यापर्यंत कोठेही असो, ते हृदयाचे नाही हे सिद्ध होईपर्यंत हृदयाचेच मानावे. पित्ताचा जिना चढण्याशी संबंध नसतो.

पाळी चालू असेपर्यंत स्त्रियांना काहीसे संरक्षण असते, हे खरे आहे. पाळी गेल्यानंतर ते ओसरत जाते, आणि मधुमेह असेल तर आधीच कमी झालेले असते. गरोदरपणात साखर किंवा रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांना पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका अधिक असतो, पण बाळंतपण सुखरूप झाले की ही नोंद घरात कोणी लक्षात ठेवत नाही. वाचक भगिनींनी ती गोष्ट आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगावी, मग त्या बाळंतपणाला वीस वर्षे का झालेली असेनात.

मिश्री ‘फक्त’ नाही. ती भाजून कुटलेली तंबाखू आहे आणि हिरड्यांतून तिचे निकोटीन थेट रक्तात जाते. चघळण्याच्या तंबाखूने झटक्याचा धोका दुपटीहून अधिक वाढतो, असे अनेक देशांत मिळून झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसले आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील घरांत सुनेला सासूकडून आणि मुलीला आईकडून ही सवय लागते, ‘दात बळकट होतात’ म्हणून तिचे समर्थनही होते, आणि दवाखान्यात ‘व्यसन आहे का’ असे विचारल्यावर कोणी तिचा उल्लेख करत नाही. आपल्या आईने ती पूर्णपणे सोडणे हे आता औषधांइतकेच महत्त्वाचे आहे. तिच्यावर न रागावता तिला मदत करावी. लागल्यास निकोटीनच्या गोळ्या किंवा च्युइंगमविषयी डॉक्टरांशी बोलावे.

वडिलांच्या अँजिओग्राफीत एका धमनीत ७० टक्के ब्लॉक सापडला. वेगाने चालल्यावर थोडे दुखते, थांबले की जाते, आणि हे वर्षभर तसेच आहे. एके ठिकाणी ‘आजच स्टेंट टाका, उद्याची खात्री नाही’ असे सांगितले, तर दुसरीकडे ‘औषधांवर पाहू’ असे सांगितले. कोणाचे ऐकावे? आणि स्टेंट टाकल्यावर गोळ्या बंद होतील का?
– व्यावसायिक, ठाणे

येथे दोन पूर्णपणे वेगळ्या परिस्थिती एकमेकींत मिसळल्या जातात. झटका चालू असताना, म्हणजे गुठळीने धमनी बंद झालेली असताना, अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी उघडून बहुधा तेथे स्टेंटची बारीक जाळी बसवणे) जीव वाचवते आणि तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. आंद्रेयास ग्रुंत्सिग यांनी १९७७ साली झुरिकमध्ये फुग्याने पहिली करोनरी धमनी उघडली, तेव्हापासून या उपचाराने असंख्य माणसे वाचवली आहेत.

वर्षभर स्थिर असलेल्या दुखण्याची गोष्ट वेगळी आहे. करेज नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यात दोन हजारांहून अधिक स्थिर रुग्णांचे दोन गट करून एका गटाला उत्तम औषधोपचार आणि दुसऱ्याला औषधांसोबत अँजिओप्लास्टी देण्यात आली होती. मृत्यू आणि झटके यांत फरक आढळला नाही. इस्किमिया नावाची पाच हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी ३७ देशांत झाली, भारतातील रुग्णालयेही तीत होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांतही मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. ज्यांना वारंवार दुखत होते त्यांचे दुखणे मात्र स्टेंट किंवा बायपासने अधिक कमी झाले, आणि तो लाभ खरा आहे. डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असणे, हृदयाची पंप करण्याची शक्ती फार घटलेली असणे, दुखणे अलीकडे वाढत जाणे किंवा विश्रांतीतही होणे या परिस्थितींना हे निष्कर्ष लागू नाहीत. तेथे थांबू नये.

आपल्या वडिलांच्या बाबतीत विचारायचा प्रश्न असा: अडथळा कोणत्या धमनीत आहे, हृदयाची शक्ती किती आहे, आणि औषधे पूर्ण मात्रेत किती काळ दिली गेली? ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय, केवळ भीतीपोटी, अँजिओग्राफीच्या टेबलावरच निर्णय घेण्याची गरज नाही. रुग्णाच्या मुलांना ‘उद्याची खात्री नाही’ असे सांगून संमतिपत्रावर सही घेणे मला वैद्यकीय व्यवसायाला न शोभणारे वाटते.

गोळ्या मात्र कोणत्याही मार्गाने बंद होत नाहीत. स्टेंट धमनीचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा उघडा ठेवतो. आजार मात्र तिन्ही धमन्यांच्या भिंतींत सर्वत्र पसरलेला असतो आणि पुढचा झटका स्टेंटपासून दूर, आज किरकोळ दिसणाऱ्या जागी येऊ शकतो. शिवाय नव्या स्टेंटवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या ठरावीक काळ, झटक्यानंतर बहुधा वर्षभर, घ्याव्या लागतात. दात काढायचा आहे किंवा उपवास आहे म्हणून त्या परस्पर थांबवल्याने स्टेंट अचानक बंद होऊन मृत्यू ओढवू शकतो.

हृदयासाठी कोणते तेल चांगले? आमच्याकडे नारळ रोजचाच आहे.
– वाचक, म्हापसा

तेलाच्या नावापेक्षा प्रमाण आणि वापर यांना अधिक महत्त्व आहे. शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी यांपैकी कोणतेही तेल आलटूनपालटून आणि बेताने वापरावे. खोबरेल तेलात आणि तुपात संपृक्त मेद अधिक असतो व त्याने एलडीएल वाढते, म्हणून ती रोजची स्वयंपाकाची तेले होऊ नयेत. हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, घातलेला नारळाचा रस आणि सोबतची मासळी यांना घाबरण्याचे कारण नाही, मासळी तळलेली नसली म्हणजे झाले. सर्वांत वाईट आहे तो ट्रान्स मेद. वनस्पती तुपातून आणि पुनःपुन्हा तापवलेल्या तेलातून तो पोटात जातो. भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले आणि मेद यांत त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे, पण वड्याच्या कढईतील काळे तेल कोणी तपासत नाही.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, यापेक्षा कमी असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण आणि खारवलेली सुकी मासळी मिळून ही मर्यादा दुपारच्या जेवणातच ओलांडली जाते.

आम्ही तालुक्याच्या गावापासून दूर राहतो आणि जिल्ह्याचे मोठे रुग्णालय दोन तासांवर आहे. रात्री छातीत दुखू लागले तर काय करावे? एकटे असताना जोरजोराने खोकत राहिल्यास जीव वाचतो, असा संदेश फिरत असतो. तो खरा आहे का?
– शेतकरी, जिल्हा बीड

खोकण्याचा तो संदेश चुकीचा आहे. त्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही.

छातीत दाब, सोबत घाम किंवा धाप, आणि हे दहा-पंधरा मिनिटांहून अधिक टिकले, तर १०८ क्रमांकावर फोन करावा. सोडा, ओवा, पित्ताची गोळी, छाती चोळणे यांत बहुसंख्य रुग्णांचा पहिला, सर्वांत मौल्यवान तास जातो. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि अलीकडे रक्तस्राव किंवा पोटातील व्रण झालेला नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम साधी ॲस्पिरिन चावून खावी. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या आयसिस-२ चाचणीत झटक्यातील ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील मृत्यू जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी झाले, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शनही सोबत दिल्यावर ते सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाले. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी शेजाऱ्याच्या घरून आणून देऊ नये. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती घातक ठरते. रुग्णाने चालत जाऊ नये, आणि स्वतः मोटारसायकल तर मुळीच चालवू नये.

दोन तासांवरच्या रुग्णालयाकडे थेट धावण्याआधी वाटेवरच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. झटका निश्चित झाला आणि अँजिओप्लास्टी दोन तासांत होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच घेऊन पुढे निघणे श्रेयस्कर असते, आणि पुढील चोवीस तासांत अँजिओग्राफी करता येते. आपल्या जवळच्या रुग्णालयात रात्री ईसीजी निघतो का आणि हे इंजेक्शन असते का, याची चौकशी आजच, सर्व ठीक असताना करून ठेवा. नसेल, तर ग्रामसभेत तो विषय मांडा. रस्त्याच्या आणि पाण्याच्या मागणीइतकीच ती रास्त मागणी आहे.

माणूस कोसळला, हाक दिल्यावर उठत नाही आणि श्वास नीट चालत नाही असे दिसल्यास छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

वडिलांना ४८ व्या वर्षी झटका आला. मी २८ वर्षांचा आहे, पुण्यात संगणक क्षेत्रात काम करतो, दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढतो. मी आतापासून सीटी अँजिओग्राफी करून घ्यावी का?
– वाचक, पुणे

तक्रार काही नसेल तर या वयात सीटी अँजिओग्राफीची गरज नाही. ती नॉर्मल आली तर आपण सिगारेट सोडणार नाही, अशी मला अधिक भीती वाटते. वडिलांना ५५ वर्षांच्या आत झटका येणे हा आपल्यासाठी स्वतंत्र धोका आहे. त्यातच इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतर प्रदेशांतील लोकांपेक्षा सुमारे सहा वर्षे लवकर आलेला दिसला. याच अभ्यासाने ५२ देशांत हेही दाखवले की पुरुषांतील सुमारे ९० टक्के धोका नऊ बदलता येण्याजोग्या कारणांतून येतो, आणि तंबाखू व रक्तातील मेद ही त्यांतील सर्वांत मोठी दोन कारणे आहेत.

रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल आणि आयुष्यात एकदाच करायची लायपोप्रोटीन-ए ही तपासणी एवढे आता पुरे आहे. लायपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉलवाहक कण असून त्याचे प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते. ते वाढलेले निघाले, तर ते उतरवण्याचे सोपे साधन आज हाती नसले तरी एलडीएल अधिक कडकपणे खाली ठेवण्याचा निर्णय घेता येतो. एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक निघाले, तर आनुवंशिक विकाराची शक्यता धरून उपचार लगेच सुरू करावे लागतात आणि भावंडांचीही तपासणी करावी लागते. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे घाम येईल असे चालणे किंवा सायकल चालवणे सुरू करावे.

सिगारेट कमी करून चालत नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचाही हृदयाचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा बराच अधिक असतो, कारण धुराचा परिणाम अस्तरावर आणि रक्ताच्या गुठळी होण्याच्या प्रवृत्तीवर अल्प मात्रेतही होतो. पूर्ण सोडल्यास सिगारेटमुळे वाढलेला धोका साधारण वर्षभरात निम्म्याच्या आसपास उतरतो. १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर विनाशुल्क समुपदेशन मिळते, आणि एकट्याने सोडणे जमत नसेल तर व्हॅरेनिक्लिनसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात.